जरीपटक्यातल्या थाई हॉटेलात आई कुणाशी बोलली?

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. पिंपळाखाली उभी असलेली बाई, बंद खोलीतून येणारे आवाज... वाचायचं, हसायचं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवायचं. मी नागपुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढून दाखवायचा प्रयोग आठवीच्या वर्गात दरवर्षी मीच करते, आणि त्यामागचं रसायन पोरांना फळ्यावर लिहून देते. आमच्या घरात गंडेदोरे नाहीत, उतारे नाहीत, कुणाच्या अंगात येत नाही. तेव्हा आपण स्वतः कधी इथे लिहायला बसू असं मला वाटलं नव्हतं. पण बसलेय खरी.

अंगावर काटा यावा असं यात काही नाही. त्या दिवशी मला भीती वाटलीच नाही — वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

आधी आईबद्दल सांगायला हवं. माझी आई काटोलकडच्या एका खेड्यातली. बाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. मी एकुलती एक. सुरुवातीची दोनेक वर्षं छान गेली. मग ती चष्मा कुठे ठेवला ते विसरायला लागली, मग गॅस बंद करायला, मग आमची गल्ली... एकदा भाजी आणायला गेली ती संध्याकाळी मानेवाड्याच्या चौकात रडत बसलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंश आहे, हळूहळू वाढत जाईल. आणि तसाच तो वाढला. शेवटी शेवटी तिच्या डोक्यातून सगळ्यात जवळची माणसंही गेली. म्हणजे मी गेले.

ती मला 'बाई' म्हणायची. दवाखान्यातल्या नर्सबाईला म्हणतात ना, तसं. मी आंघोळ घालायचे, केस विंचरून द्यायचे, आणि ती संकोचून म्हणायची, "राहू द्या न बाई, तुमाले किती तरास देऊन राह्यली मी." आणि रोज दुपार कलली की दाराकडे तोंड करून बसायची आणि मलाच विचारायची, "बाई, माही पोरगी कवा येईन वं?"

पहिल्यांदा मी सांगून पाहिलं — आई, अगं मीच ती. तिला पटायचं नाही, उलट ती घाबरायची. मग मी सांगायचं सोडलं. "येईल हं संध्याकाळी," म्हणायचे. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

आता त्या हॉटेलबद्दल.

जरीपटक्याच्या बाजाराच्या मागे, एका दोनमजली घराच्या खालच्या हॉलमध्ये ते आहे. सहा-सात टेबलं, त्यांवर फुलाफुलांचे प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, कोपऱ्यात एक मोठा कूलर. पाटीवर 'थाई जेवण' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'चायनीज भी मिलेगा'. प्रशांतभाऊ काउंटरवर बसतात आणि स्वयंपाकघर सांभाळते त्यांची बायको. तिचं खरं नाव सुदा. थायलंडमधली. प्रशांतभाऊ पूर्वी थायलंडहून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंबरोबर दुभाषा म्हणून फिरायचे, त्यात यांची ओळख झाली, लग्न झालं, आणि ती इथलीच झाली. सुदाची सुधा कधी झाली ते कुणाला आठवत नाही. अख्खी गल्ली तिला सुधाताई म्हणते. मराठी शिकली ती सासरच्या माणसांकडून आणि भाजीवाल्यांकडून, त्यामुळे बोलते अस्सल नागपुरी. फक्त चाल वेगळी. "काहून ताई, लय दिवसांनी आल्या?" हे वाक्य ती गाण्याच्या सुरात म्हणते.

आम्हाला तिथे जायची सवय माझ्या नवऱ्यामुळे, अविनाशमुळे लागली. आणि आईला बाहेर घेऊन जाता येईल अशी ती एकच जागा होती. दुसरीकडे लोक बघायचे — आई भाताची शितं टेबलभर करायची, मोठ्याने बोलायची, कधी शेजारच्या टेबलावरचा पापड उचलायची. सुधाताईला त्याचं काहीच नव्हतं. पहिल्यांदा आईला तिथे नेलं तेव्हा आईने सुपाचा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि ओरडली, "अवं, हा तं गवती चहा हाय!" मग वाटीत चमचा फिरवून म्हणाली, "पण चहात मिरची काहून टाकली वं माय?"

सुधाताई हसून हसून भिंतीला टेकली. त्या दिवसापासून ती आईला 'माय' म्हणायला लागली. आईसाठी सूप बिनतिखटाचं, भात मऊ, करीत नारळाचं दूध जास्त. महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी आम्ही दुपारी जायचो. कूलरजवळचं टेबल आमचं ठरलेलं.

तो रविवार मार्चमधला. शाळेत परीक्षा चालू होत्या, माझ्याकडे पेपरांचा गठ्ठा होता आणि खरं तर जायचा कंटाळा आला होता. पण आई सकाळपासून अस्वस्थ होती, या खोलीतून त्या खोलीत जात होती. अविनाश म्हणाला, चल, तिला बरं वाटेल.

हॉटेलात गर्दी नव्हती. एक सिंधी जोडपं जेवून उठत होतं, तेवढंच. सुधाताई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले दिसले. मी प्रशांतभाऊंना विचारलं तर ते हळूच म्हणाले, "तिची माय सिरियस हाय तिकडे. हिचं पासपोर्टचं काम अडकून बसलं, या आठवड्यात होईन म्हणतात. मोठी बहीण हाय जवळ. पण हिचा जीव लागत नाही जी कशातच."

मी म्हटलं, मग आज हॉटेल बंद का नाही ठेवलं? तर म्हणाले, "मीबी तेच म्हटलं. ती म्हणते, घरी बसली तर वेडी होईन."

सुधाताई आईचं ताट घेऊन आली. नेहमीसारखी वाकून म्हणाली, "घ्या माय, तुमचा भात." आणि ताट ठेवून वळणार, तेवढ्यात आईने तिचं मनगट धरलं.

आता जे सांगते ते मी पाहिलं तसंच सांगते. मी आईच्या शेजारच्या खुर्चीवर होते, अविनाश समोर.

आईचा उजवा हात गेलं वर्षभर थरथरायचा. भरवावं लागायचं तिला. त्या हातानं तिनं सुधाताईचं मनगट धरलं आणि तो हात हलत नव्हता. तिने मान वर केली. तिचा चेहरा... कसं सांगू? आजार वाढला तसा तिचा चेहरा सैल झाला होता, नजर कशावर ठरत नसे. ती ठरली. तिने सुधाताईकडे असं पाहिलं, जसं बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या लेकीकडे बघतात — वाळली का, थकली का, सगळं एका नजरेत. आणि ती काहीतरी बोलली.

मला शब्द कळले नाहीत. पण कानावर पडलं ते असं होतं — "किन खाव लेओ बो, ला?"

मला वाटलं, आई बडबडतेय. तिला कधी कधी शब्द सापडायचे नाहीत, मग ती भलतंच काही बोलायची. मी सुधाताईला "सॉरी हं" म्हणणार होते. पण सुधाताईकडे पाहिलं आणि गप्प बसले. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. ती आईच्या खुर्चीजवळ खाली फरशीवरच बसली, आणि त्याच भाषेत तिने काहीतरी विचारलं, अगदी हळू, लहान मुलीच्या आवाजात.

आणि आईने उत्तर दिलं.

त्या दोघी बोलत होत्या. एकीने विचारावं, दुसरीने सांगावं, मध्ये थांबावं, पुन्हा बोलावं — असं रीतसर बोलणं. माझी आई, जिला मराठीतही एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. आवाज तिचाच होता, पण चाल वेगळी. सुधाताई बोलते ना, तीच गाण्यासारखी.

अविनाश उठून उभा राहिला होता. प्रशांतभाऊ काउंटर सोडून अर्ध्या वाटेवर येऊन थांबले होते.

आईने ताटातला भात बोटांनी उचलला आणि त्याचा गोळा करायला लागली. बोटांच्या टोकांनी दाबायची, तो मोडायचा, पुन्हा दाबायची. मी तिला जन्मभर जेवताना पाहिलंय. ती भात कालवून, पूर्ण हातानं खाणारी. असं चिमटीत दाबणं तिचं नव्हतं. शेवटी तिने तो तसाच, सुटलेला, करीत बुडवून सुधाताईच्या तोंडात घातला. सुधाताई चावत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

मी आईच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "आई... काय गं? काय बोलतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रोज 'बाई' म्हणून बघायची तसं नाही. तिने दोन्ही हात छातीशी जोडले, मान वाकवली आणि हसली. अनोळखी घरी गेलेला पाहुणा त्या घरच्या बाईला नमस्कार करतो, तसा तो नमस्कार होता.

खरं सांगते, तेव्हा मला ना आश्चर्य वाटलं, ना भीती. इतकी वर्षं मी ज्या नजरेची वाट पाहत होते ती नजर आईच्या डोळ्यांत आली होती... आणि ती दुसरीसाठी होती. मी शेजारी बसले होते, आणि माझी आई माझ्यादेखत दुसऱ्या कुणाची तरी आई झाली होती.

किती वेळ गेला असेल? घड्याळ कुणी पाहिलं नाही. सूप गार झालं होतं, एवढं आठवतं. आई शेवटी काहीतरी म्हणाली, पदराने सुधाताईचा चेहरा पुसला, आणि मग तिचा हात हवेतच थरथरायला लागला. नजर सुटली. मान खाली गेली. ती जोरजोरात श्वास घेत होती, जशी काही जिना चढून आली आहे.

"बाई," ती मला म्हणाली, "पाणी द्या न वं. पाय लय दुखून राह्यले माहे."

मी पाणी पाजलं. सुधाताई तशीच खाली बसून होती. मी तिला विचारलं, "काय म्हणाली ती?" तिने मान हलवली फक्त. नंतर सांगते, असं. प्रशांतभाऊंनी तिला उठवून आत नेलं. आम्ही घरी आलो.

संध्याकाळी प्रशांतभाऊंचा फोन आला. सुधाताईची आई गेली.

सुधाताई दोन दिवसांनी आमच्या घरी आली. पासपोर्ट झाला होता, निघायच्या तयारीत होती. आईच्या पायांशी बसली. आईने तिला ओळखलं नाही. चहा देऊ का म्हणून विचारलं आणि लगेच विसरली.

मग सुधाताईने मला सांगितलं. आई बोलली ती नुसती थाई नव्हती, तिच्या गावाकडची बोली होती. आपली नागपुरी कशी पुण्याच्या माणसाला वेगळी लागते, तसं. "तिनं मले विचारलं, जेवली का? आमच्याकडे घरी आल्यावर पयले हेच विचारते माय. आणि मले 'ला' म्हटलं. 'ला' म्हणजे सगळ्यात धाकटं, शेंडेफळ. हे नाव इथं कोणाले माहीत नाही ताई. प्रशांतलेबी नाही."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणे, वाळली तू. म्हणे, येण्याची घाई करू नको, आधी जेव. मागचं चिंचेचं झाड तोडलं, म्हणे, बहिणीवर रागावू नको, छपरावर पडलं असतं ते." ती माझ्याकडे वळली. "मी बहिणीले फोनवर विचारलं. झाड तोडलं होतं. तिनं मले सांगितलं नव्हतं. मले वाईट वाटेन म्हणून."

आणि तो भात? मी विचारलं. म्हणाली, तिच्या गावचा भात चिकट असतो, दाबून त्याचा घास करतात. "आपल्या भाताचा कुठून होईन?" असं म्हणून ती रडता रडता थोडी हसली.

ती गावी निघून गेल्यावर अविनाश आणि मी यावर खूप बोललो. त्याचं म्हणणं सरळ होतं. सुधाताई स्वयंपाकघरातून तिच्या आईशी फोनवर बोलायची, तो आवाज हॉलमध्ये यायचा. आईने तो कितीदा तरी ऐकला असेल. मेंदूच्या आजारात माणूस ऐकलेले आवाज जसेच्या तसे काढू शकतो. बाकीचं सुधाताईच्या मनाने भरून काढलं. तिची स्थितीच तशी होती. आमच्या डॉक्टरांनीही साधारण हेच सांगितलं. मलाही ते पटलं. निदान पटवून घ्यायला सोपं होतं. झाडाचं काय, असा प्रश्न मनात यायचा, पण मी तो बाजूला सारायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आणि मी ती अविनाशला लगेच सांगितली नाही. आईने तो प्रश्न विचारणं बंद केलं होतं. दुपार कलली की ती दाराकडे बघत बसायची, पण शांत. "माही पोरगी कवा येईन" हे त्या रविवारनंतर तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. मला वाटलं, आजार पुढे सरकला. आता तिला पोरगी आहे हेही आठवत नाही. मी त्या रात्री खूप रडले. ज्या प्रश्नाने इतकी वर्षं काळजाला घरं पडायची, तो प्रश्न मला हवाहवासा झाला होता.

मग एके दिवशी सकाळी सुधाताईचा तिच्या गावाहून व्हिडिओ कॉल आला. तिकडची कार्यं उरकली होती. ती घराच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या शेजारी तिची मोठी बहीण होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डोळे सुधाताईसारखेच.

"ताई, तुमाले एक विचारायचं हाय," सुधाताई म्हणाली. "राग नका मानू. माही बहीण म्हणते, त्या रविवारी दुपारी माही माय काहीतरी वेगळंच बोलून राह्यली होती. कोणाले समजलं नाही. ती बहिणीचा हात धरून एकच गोष्ट परत परत म्हणे. तापात बरळते, असं वाटलं सगळ्याईले. काल बहिणीनं मले तसं बोलून दाखवलं... आणि ताई, ते मराठी हाय."

मी म्हटलं, "मराठी?"

तिने बहिणीला काहीतरी सांगितलं. बहीण मोबाइलच्या जवळ सरकली, थोडी लाजली आणि सावकाश म्हणाली —

"आलिका वॉ."

"'आली का वं'," सुधाताई म्हणाली. "हो न ताई? मी इकडं फोनवर कधी मराठी बोलली नाही. मायले एक शब्द येत नव्हता. आणि याच्या पुढचं मराठी नाही वाटत. ते तं आमच्या भाषेतलं वाटते. बहिणीलेबी तसंच वाटलं. 'चिम मे, चिम मे' म्हणे ती. आमच्यात 'चिम' म्हणजे चाखणं, चव घेणं. 'मे' म्हणजे आई. यायले वाटलं, माय तिच्या आईले हाक मारून राह्यली, काहीतरी चाखायले मागून राह्यली. म्हणून बहिणीनं तिच्या तोंडात चमचाभर सूप घातलं. तिनं गिळलं. पण मग पुन्हा तेच... 'आलिका वॉ, चिम मे.'"

मी फोन टेबलावर ठेवला.

माझं नाव शुभांगी. शाळेत शुभांगी मॅडम, सासरी शुभा. लहानपणी मी जेवायला फार त्रास द्यायचे, चिमणीसारखी दोन दाणे टिपून उठायचे. म्हणून आई मला चिमी म्हणायची. फक्त आई. बाबाही नाही. शाळेतून आले, पुढे कॉलेजातून आले, लग्नानंतर माहेरी आले, की चपला काढायच्या आधी आतून तिचा आवाज यायचा, "आली का वं, चिमे?" आजार सुरू झाल्यावर हे नाव तिच्या तोंडून जे गेलं ते पुन्हा कधी आलं नाही. सुधाताईला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"ताई? ताई, आवाज येऊन राह्यला का?" फोनमधून सुधाताई विचारत होती.

मी फोन उचलला. म्हटलं, "सुधाताई, चिमी म्हणजे मी."

बहिणीने तिला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाली? सुधाताईने तिला सांगितलं. त्या बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. भाषा एकमेकींना कळत नव्हती. आम्ही तिघी नुसत्या रडत होतो.

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. आईच्या खोलीत बसून राहिले. ती पलंगावर बसून चादरीची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मी विचारलं, "आई, तू कुठे गेली होतीस गं?" ती म्हणाली, "कोण, मी?" आणि घडी घालत राहिली.

पावसाळ्यात आई गेली. दोन-तीन दिवस ताप होता, पहाटे झोपेतच गेली. शेवटपर्यंत तिने मला ओळखलं नाही. मी तिचा हात धरून बसले होते, कानाशी वाकून माझं नाव सांगत होते. तिने डोळे उघडून पाहिलं, पण त्या बघण्यात मी नव्हते. सिनेमात दाखवतात तसं शेवटच्या क्षणी वगैरे काही झालं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण लोक मला विचारतात आणि त्यांना तसं ऐकायचं असतं.

सुधाताई तोवर परत आली होती. तिने आणि मी मिळून आईला शेवटची साडी नेसवली. निऱ्या तिने घातल्या.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, एका दुपारी मी एकटीच तिच्या हॉटेलात गेले. जेवायला म्हणून नाही. पण तिने विचारल्याशिवाय ताट आणून ठेवलं — भात, करी आणि ते सूप. ती समोर बसली. हॉटेलात कुणी नव्हतं.

मला एक गोष्ट विचारायची होती. त्या व्हिडिओ कॉलपासून ती माझ्या मनात होती, पण हिंमत होत नव्हती. उत्तर काय येईल याची भीती वाटायची. आई तिथे गेली होती की नाही, कशी गेली, हे मला समजणार नाही, ते मी सोडून दिलं होतं. पण समजा गेली असेल... समजा ती खरंच तिथे, एका अनोळखी खाटेवर, अनोळखी हात धरून "आली का वं, चिमे?" म्हणून विचारत होती, तर तिला कुणी काही सांगितलं का? की तिथेही तिचा प्रश्न तसाच राहिला?

मी विचारलं, "तुमच्या बहिणीने काय उत्तर दिलं होतं तिला?"

सुधाताईलाही ते माहीत नव्हतं. तिने तिथेच फोन लावला. तिकडे पलीकडे कोंबडे ओरडत होते. दोघी थोडं बोलल्या. मग सुधाताई ऐकत राहिली, आणि फोन कानाशी धरूनच माझ्याकडे वळली.

"ती म्हणते, मले शब्द नाही समजले. पण माय काहीतरी विचारून राह्यली एवढं समजलं, आवाजावरून. आणि लय काकुळतीले येऊन विचारून राह्यली होती. म्हणून मी तिच्या केसाईवरून हात फिरवून म्हटलं... 'हो माय, आली. इथंच हाओ मी.' मग माय निवांत झाली. हात सोडला नाही, पण विचारणं बंद केलं."

मी ते सूप संपवलं. गार झालं होतं तरी.

हे लिहून मला काही सिद्ध करायचं नाही. तुमच्यापैकी कुणी म्हणेल योगायोग, कुणी म्हणेल दुःखात असलेल्या दोन बायकांनी आपापल्या सोयीचं ऐकलं. असेलही. 'चिम मे' हे त्यांच्या भाषेतलंच असेल, आणि 'आलिका वॉ' हे नुसते तापातले आवाज असतील. एक गणित मांडायला बसले की दुसरं चुकतं. शाळेत पोरं प्रश्न विचारतात आणि मला उत्तर येत नसेल तर मी सांगते, शोधून सांगते उद्या. याचं उत्तर मी अजून शोधलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही. एवढंच सांगू शकते, की दूर कुठेतरी एका बाईने, जिचं नावही मला नीट उच्चारता येत नाही, माझ्या आईला 'आली' म्हणून सांगितलं. जे मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, ते तिला तिथे ऐकू आलं.